काच नसलेलं मशीन

“काच नसलेलं मिळत नाही का?” शालननं विचारलं, आणि मी आणि मगदूम दोघंही हसलो.

मगदूम दुकानाचे मालक. आम्ही गगनबावड्याहून एसटीनं कोल्हापूरला कपडे वाळवायचं मशीन घ्यायला आलो होतो आणि अर्धा तास ते आम्हाला एकेक मशीन उघडून दाखवत होते. माझी बायको शालन प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. इतका वेळ ती काहीच बोलली नव्हती. बोलली ती हे.

“वहिनी, काच तर पाहिजेच की,” मगदूम म्हणाले. “आत कपडे कसे फिरतात ते दिसायला नको? टीव्हीवर तरी हल्ली काय असतंय बघण्यासारखं.”

“आपलं विचारलं,” ती म्हणाली.

कोपऱ्यात एक जुन्या पद्धतीचं मशीन उभं होतं. त्याचं दार अख्खं पत्र्याचं होतं. शालन त्याच्याकडे बघत होती. ते बघून मगदूम तिकडे निघाले, तसा मीच म्हणालो, “ते नको. ते बाद केलंय मी.”

मी वीज मंडळात वायरमन होतो. त्या साली निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. विजेची कुठलीही वस्तू घ्यायची तर ती नीट समजून घ्यायची ही माझी सवय. महिनाभर मी या मशीनची माहिती काढत होतो. त्यांच्या तीन जाती असतात. पहिली ती पत्र्याच्या दाराची, कोपऱ्यातली. ती हीटरनं हवा तापवते आणि दमट वाफ पाइपनं भिंतीबाहेर सोडते. त्यासाठी भिंतीला चार इंचाचं भोक पाडावं लागतं. आमच्याकडे पाऊस आडवा येतो. ज्या भोकातून वाफ बाहेर जाणार त्याच भोकातून पाणी आत येणार. दुसरी जात वाफेचं पाणी करून टाकीत साठवते. भोक लागत नाही, पण हीटर तसाच मोठा. पावसाळ्यात आमच्या गावात व्होल्टेज एकशे ऐंशीवर उतरतं. हीटर कोमट होऊन बसला तर कपडे वाळणार कसे? तिसरी जात फ्रिजसारखी, कॉम्प्रेसरवर चालणारी. वेळ जास्त घेते, पण वीज निम्म्याहून कमी लागते आणि कपडा करपत नाही. वर स्टॅबिलायझर लावला की झालं. मी ती ठरवूनच आलो होतो. तिला पुढं ताटाएवढी गोल काच होती.

“किती किलोचं देऊ? घरात रोजचे कपडे किती?” मगदूमनी विचारलं.

मी खिशातून कागद काढला. आठवडाभर आमच्या घरातल्या दोरीवर जे जे वाळत पडलं ते मी रोज लिहून ठेवलं होतं. मगदूमनी तो मोठ्यानं वाचला. शर्ट दोन, पॅन्ट एक, बनियन दोन, माझ्या चड्ड्या, लेंगा, टॉवेल तीन, चादरी दोन, उशांचे अभ्रे, गाऊन दोन, साडी एक, परकर, ब्लाउज.

“वायरमनसाहेब, असं गिऱ्हाईक मी बघितलं नाही,” ते म्हणाले. “वहिनी, बरोबर आहे का यादी?”

शालन खाली बघून म्हणाली, “यांनी मोजलंय, म्हणजे बरोबरच असंल.”

मी सात किलोचं घेतलं.

मशीन चैनीसाठी नव्हतं. गगनबावड्याला जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन दिसत नाही. आठ-आठ दिवस धुकं घरातून हलत नाही. लोक चुलीवर दोऱ्या बांधतात, नाहीतर शेगडीत निखारे घालून त्यावर डालगं पालथं घालतात, कोंबड्या झाकायचं, आणि त्यावर कपडे पसरतात. आमची वृषाली जून महिन्यातली. तिची लंगोटं शालननं डालग्यावरच वाळवली होती. कपड्यांना धुराचा वास यायचा, पण वाळायचे.

त्या वर्षी फेब्रुवारीत शालनचं ऑपरेशन झालं आणि एप्रिलपासून कोल्हापूरला केमोचे डोस सुरू झाले. सहा डोस द्यायचे होते. तिसऱ्या डोसाच्या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्यात. साधं इन्फेक्शनसुद्धा तिला झेपणार नाही. ताप आला तर डोस थांबवावे लागतील, आणि डोस थांबले तर आजार थांबणार नाही. मग त्यांनी विचारलं, तुम्ही बावड्याचे ना? तिथं कपडे वाळत नाहीत पावसात. ओलसर कपडा, कुबट वासाचा कपडा तिच्या अंगाला लागू देऊ नका. आणि शेगडीचा धूर तर घरात नकोच.

कपड्यांचं काम आता माझ्याकडे होतं. शालनच्या हातांची कातडी डोसानं सोलली होती, बोटं सुन्न व्हायची. म्हणून मशीन.

ते घरी आलं तेव्हा ती दुसरं एक वाक्य बोलली. “मागं न्हाणीघराजवळ नाही का बसणार?”

मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिथं ओल असते, ओलीत एवढी विजेची वस्तू ठेवायची नाही. मीटर सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत आहे, तिथून नवीन वायर टाकली की लांबवर ओढायला नको, अर्थिंगही चांगलं मिळतं. मी सांगितलं त्यातलं एकही चूक नव्हतं. आज परत तपासलं तरी चूक निघणार नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं.”

तर मशीन सोप्यात बसलं. पुढच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला, काच थेट दाराकडे.

आमचं दार दिवसभर उघडं. लाइटीचं काही अडलं की लोक वायरमनच्या घरी येतात, आणि आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय जात नाही. गावात असलं मशीन पहिलंच. पहिल्या आठवड्यात निम्मी गल्ली बघून गेली. आनंदा लाड, आमचा शेजारी, जीप चालवायचा. तो तर बाकड्यावर मांडी घालून काचेसमोर बसला.

“आली बघा वायरमनची चड्डी,” तो म्हणाला. “गेली. परत आली. अरे बनियनला भोक हाय की. वहिनी, पगार घरी आणतोय का नाही हा?”

सगळे हसले. मीही हसलो. शालन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तीही हसली असं मला वाटलं होतं.

मला त्या मशीनचा अभिमान होता हे कबूल करतो. सकाळी धुणं झालं की मी कपडे आत टाकायचो, दोन तासांनी काढायचो, घड्या घालायचो. कपडे गरम गरम निघायचे. मी तिला सांगितलं होतं, तू वाकायचं नाही, मशीनला हात लावायचा नाही, सगळं मी बघतो. तिच्या चादरी रोज बदलायचो. वृषाली नागपूरहून फोन करायची तर तिला मी पहिल्यांदा हेच सांगायचो, आई रोज कोरड्या चादरीवर झोपते.

एकदाच तिनं मला झिडकारलं. न्हाणीघराच्या दारामागं खिळ्याला सुतळी बांधलेली होती, तिच्यावर एक निळा टॉवेल नेहमी असायचा. मशीनमध्ये जागा होती म्हणून मी तो ओढायला गेलो. ती पलंगावरून उठून आली. भिंतीला धरून आली.

“तो राहू दे,” ती म्हणाली.

“ओला हाय की.”

“असू दे. तो माझा मी बघीन. तुम्ही पुढं जावा.”

आजारी माणसाचा स्वभाव चिडका होतो असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी पुढं गेलो.

पाचवा डोस झाला आणि नवव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. एकशे तीन. आनंदानं जीप काढली. घाटात धुकं एवढं होतं की तो खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवत होता आणि सबंध वाटेत एक शब्द बोलला नाही. आनंदा बोलत नाही म्हणजे काय ते मला कळत होतं.

दवाखान्यात रक्त काढलं, सलाईन लावलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. तिथल्या सिस्टर होत्या त्या तिला आत तपासून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “काका, काकूंचे आतले कपडे आणा दोन-तीन जोड. स्वच्छ आणि पूर्ण कोरडे पाहिजेत. मांड्यांत सगळं लाल झालंय, फोड आहेत. किती दिवसांचं आहे हे?”

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं.

आत गेलो तर शालन डोळे मिटून होती. मी विचारलं, कपडे कुठं ठेवलेत? तिनं डोळे उघडले.

“वृषाली परवा येणार हाय. ती आणंल.”

“आज पाहिजेत म्हणत्यात.”

तिनं अंगावरची चादर वर ओढून घेतली. मग म्हणाली, “कपाटात खालच्या खणात. साड्यांच्या खाली कापडी पिशवी हाय. पिशवी तशीच आणा. उघडू नका.”

आनंदा जीप घेऊन आधीच परतला होता, मी पहिल्या एसटीनं गावाला आलो. कपाट उघडलं, साड्या बाजूला केल्या, पिशवी काढली. हातात घेतली आणि ती गार लागली. मी पिशवी उघडली.

सगळे ओलसर होते. नीट घड्या घालून ठेवलेले, आणि ओलसर. एकाला काळे ठिपके पडले होते. वास आला, तोच, डॉक्टरांनी सांगितलेला.

मी न्हाणीघरात गेलो. दारामागचा निळा टॉवेल उचलला. त्याच्या खाली, सुतळीवर, आणखी दोन होते. पिळले तर पाणी निघालं असतं.

आमच्याकडच्या बायका आतले कपडे उघड्यावर वाळत घालत नाहीत. अंघोळ करतानाच धुतात आणि दुसऱ्या कापडाखाली घालतात, कुणाच्या दृष्टीला पडू नयेत म्हणून. माझी आई तसंच करत असणार, बहीण तसंच करत असणार. शालन आमच्या घरात आली त्याला एकतीस वर्षं झाली होती. एकतीस वर्षांत मी तिचे कपडे दोरीवर पाहिले नव्हते, आणि पाहिले नाहीत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. उन्हाळ्यात टॉवेलाखाली वाळत असतील. पावसाळ्यात काय होत असेल? पूर्वी चूल होती, डालगं होतं, घरात कुणी नसताना ती काहीतरी करत असेल. तो धूर मीच बंद केला होता.

शर्टाच्या खिशात पाकीट होतं, त्यात तो कागद अजून होता. सोप्यात बसून मी तो वाचला. माझ्या चड्ड्या त्यात लिहिलेल्या होत्या. तिचं त्यात काही नव्हतं. मगदूमनी तिला विचारलं होतं, बरोबर आहे का यादी. दोन परक्या पुरुषांसमोर, म्हणजे एक परका आणि एक मी, ती काय सांगणार होती?

आणि ती काच. पत्र्याच्या दाराकडे ती का बघत होती ते मला तिथं बसल्यावर कळलं. काचेसमोर आनंदा बसायचा, सगळी गल्ली बसायची. मशीनला हात लावू नको म्हणून मी सांगितलेलं. म्हणजे तिनं ते कपडे माझ्या हातात द्यायचे, मी ते सोप्यात सगळ्यांसमोर नेऊन आत टाकायचे आणि ते दोन तास फिरताना लोकांनी चहा पीत बघायचे. ज्या बाईसाठी मशीन आणलं तिच्या अंगाला लागणारा कपडा सोडून बाकी घरातलं सगळं त्यात वाळत होतं.

मी पिशवीतले आणि सुतळीवरचे सगळे गरम पाण्यातून काढले. तिचे कपडे मी पहिल्यांदा धूत होतो. पुढच्या दाराला कडी लावली. कपडे मशीनमध्ये टाकले, बटण दाबलं. घरात मी एकटा होतो, दार बंद होतं, तरी तो निळा टॉवेल घेतला आणि काचेवर टाकला. वरच्या बाजूनं इस्त्री ठेवून दाबला, पडू नये म्हणून. मग त्याच्याकडे पाठ करून बसलो.

आनंदानं कडी वाजवली. “वायरमन, आहेस का? वहिनी कशा हायत?”

मी आतूनच म्हणालो, “बऱ्या हायत. नंतर ये.”

“दार का लावलंयस?”

“नंतर ये आनंदा.”

तासाभरात वाळले. काढले तेव्हा चांगले गरम होते. मी पिशवीत भरले, पिशवी लोकरीच्या शालीत गुंडाळली आणि शर्टाच्या आत पोटाशी धरून वर रेनकोट चढवला. दोन वाजताची एसटी मिळाली. दीड तास मी ती पिशवी तशी धरून होतो. बाजूच्या बाईनं विचारलं, पोटात दुखतंय का? मी होय म्हणालो.

शालन जागी होती. मी पिशवी तिच्या हाताशी ठेवली. तिनं ती बाहेर काढून बघितली नाही. नुसता हात आत घातला, आणि तसाच ठेवला.

“ऊब हाय अजून,” ती म्हणाली.

ती ऊब मशीनची होती की माझ्या पोटाची ते मला सांगता आलं नसतं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “कोण आलं होतं का घरात?”

“कडी लावली होती.”

ती वर पंख्याकडे बघत होती. मी म्हणालो, “काचेवर टॉवेल टाकला होता.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मान पलीकडे वळवली. तिच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे उतरलं ते मी रुमालानं टिपलं. तिनं टिपू दिलं. पिशवीतला हात तिनं सिस्टर येईपर्यंत काढला नाही.

ताप कशानं आला हे डॉक्टरांना मी तीनदा विचारलं. ते म्हणाले, पेशी एवढ्या कमी असताना कशानंही येऊ शकतो. कातडीतून, पोटातून, कुठूनही. त्याचा विचार करू नका. ते भले गृहस्थ होते. सहावा डोस त्यांनी पुढं ढकलला, मग आणखी पुढं, मग त्याबद्दल बोलणं बंद केलं.

बारा दिवसांनी तिला घरी आणलं. त्याआधी, वृषाली तिच्याजवळ दवाखान्यात असताना, मी एक दिवस घरी येऊन काम करून गेलो होतो. माझ्याकडे वायरी जोडायची काळी टेप असते. ती मी काचेवर आडवी चिकटवली, एकाखाली एक, वरपासून खालपर्यंत. मग उभी चिकटवली. तीन रिळं लागली. आत दिवा लावून बाहेरून बघितलं, कुठं फट राहिली का ते.

आनंदानं जीपमधून तिला आणलं. ती दारातून आत आली, मशीनसमोर थांबली. आनंदाही बघत होता. मग तो पिशव्या घेऊन आत गेला.

“एवढी टेप वाया घालवलीत,” शालन म्हणाली.

“जुनी पडली होती.”

“नवी हाय. चकाकतीया बघा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ झाल्यावर ती बादली घेऊन सोप्यात आली. बादलीवर टॉवेल होता. वृषाली पुढं झाली, तिला शालननं हातानं थांबवलं. मला विचारलं, “कुठलं बटण?”

मी दाखवलं. “हे फिरवायचं, मग हे दाबायचं. तासभर लागतो.”

“बरं. जावा आता तुम्ही बाहेर.”

मी बाहेर पडवीत जाऊन बसलो. पाऊस होता. आतून आधी दार लागल्याचा आवाज आला, मग मशीन सुरू झाल्याचा. मी वळून बघितलं नाही. तासाभरानं आत गेलो तर मशीन बंद होतं, बादली जागेवर होती आणि न्हाणीघराच्या दारामागच्या सुतळीवर काही नव्हतं. ती पलंगावर झोपली होती.

तसं तिनं सोळा वेळा केलं. मी मोजलं. नंतर तिला उठता येईना. दसऱ्याच्या आधी चार दिवस ती गेली.

याला सहा वर्षं झाली. मशीन अजून चालतं. आत गरम होतं म्हणून टेपच्या कडा सुटतात, त्या मी दर पावसाळ्यात पुन्हा चिकटवतो. नवीन आलेलं कुणी विचारतं की काचेला काय झालं. मी सांगतो, तडकली होती.